बिनमुठींचं कपाट

आमच्या दाजींच्या हातात पितळेची वस्तू द्यायची नाही, असा आमच्या घरातला अलिखित नियम आहे. दिली की तो दिवस कामातून गेला. मग ती दाराची कडी असो, नाही तर कुणाच्या जुन्या पेटीची बिजागरी. आधी तळहातावर ठेवून वजन घेणार, मग उलटी करून पाठ बघणार, मग नखाने टिचकी मारून आवाज ऐकणार. एकदा आम्ही ओळखीच्यांकडे चहाला गेलो होतो. दाजींनी चहा तसाच थंड होऊ दिला आणि बैठकीच्या दाराची मूठ निरखत बसले. यजमानांना वाटलं, दार नीट लागलेलं नाही. ते बिचारे दोनदा उठून दार ओढून आले. पुन्हा उठायला लागले तेव्हा ताईने दाजींना कोपर मारलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हाताने लाकडी सामान बनवणं हा त्यांचा धंदा. टेबलं, कपाटं, लिहायची मेजं. कारखाना म्हणायला कारखाना, पण खरं तर एक लांबट खोली. पुढे रस्त्यावर उघडणारं मोठं दार, मागच्या अंगाला राहतं घर आणि दोन्हींच्या मध्ये एक उंबरठा. भुसा काही उंबरठा मानत नाही, त्यामुळे ताईचा निम्मा जन्म फडकं हातात घेऊन गेला. समोरच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान. दुपारी मशीन थांबवून मी जेवायला ताईकडेच जाते. तेव्हा हे जे सांगते आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

"लाकूड कुणीही रंधून गुळगुळीत करेल," असं दाजी म्हणतात. हे धादांत खोटं आहे. त्यांच्यासारखा रंधा मारणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण त्यांच्या मते कपाटाची सगळी अब्रू मुठीत असते. मूठ चुकली की खोलीत शिरणाऱ्याला काहीतरी खुपतं, आणि काय खुपतंय ते त्याला सांगता येत नाही. म्हणून मुठी, बिजागऱ्या, चावीच्या भोकावरची चकती, हे सगळं ते स्वतः निवडत. गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्नच नव्हता. एका बाईंनी एकदा हौसेने स्वतःच मुठी आणल्या. दाजींनी खिशातून लोहचुंबक काढलं, मुठीला लावलं, ते चिकटलं. "बाई, हे लोखंड आहे. वरून पितळेचा झगा घातलाय," असं म्हणून त्यांनी पुडी बांधून परत दिली. बाईंचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांची दया आली, पण हसूही आवरेना.

पितळवाल्याचं दुकान रस्त्याच्या वळणावर आहे. बोळासारखं अरुंद. दोन्ही अंगांना छतापर्यंत लाकडी पेट्या आणि प्रत्येक पेटीच्या तोंडावर आतल्या मालाचा एकेक नमुना ठोकलेला. दाजी दुपारी खणाची पुढची फळी काखेत मारून तिथे जात आणि उजेड जाईपर्यंत बसत. पत्रा दाबून केलेली मूठ ते बोटाने बाजूला सारत. ओतीव असली तरच हातात घेत. मग तिची पाठ बघत, कारण पुढून सगळ्याच चमकतात, करणाऱ्याने हयगय केली असेल तर ती पाठीवर दिसते. झळाळी टिकावी म्हणून वरून रोगण फासलेलं पितळ त्यांना मुळीच चालत नसे. पितळ वापराने काळवंडलं पाहिजे, जिथे बोट लागतं तिथे उजळ राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पितळवाला जुना दोस्त होता म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणी त्यांना दुकानाची पायरी चढू दिली नसती.

"मिस्त्री, लग्नाला मुलगी बघताना तरी एवढा वेळ लावला होतात का?" तो विचारायचा.

"तिथे मला कुठे निवडायचं होतं?" दाजी म्हणायचे. "तिथे तिने हो म्हणायचं होतं."

निवडून आणलेल्या मुठीही लगेच बसायच्या नाहीत. त्या मेणाने खणांवर चिकटवून ठेवायच्या, सकाळच्या उजेडात बघायच्या, दुपारी बघायच्या, दिवा लावून बघायच्या. मन भरलं की मग भोक पाडायचं गिरमिट हातात घ्यायचं. आधी साबण लावलेला लोखंडी स्क्रू पिळून वाट करायची, तो काढून त्याच वाटेने पितळी स्क्रू घालायचा. पितळी स्क्रू मऊ, घट्ट लाकडात जोर लावला तर मान मोडून बसतो. हे सगळं होईपर्यंत वस्तू कारखान्याच्या बाहेर जायची नाही. हा दाजींचा कायदाच होता. पितळ लागलं की वस्तू गिऱ्हाइकाची, तोवर कारखान्याची.

या कायद्यापायी मी भांडणं झालेली पाहिली आहेत. एक गृहस्थ हातगाडी घेऊनच आले होते. घरी पाहुणे यायचे होते आणि मेज हवं होतं.

"मुठी मागाहून बसवा हो. मेज माझंच आहे ना?" ते म्हणाले.

"अजून झालेलं नाही तुमचं," दाजी म्हणाले आणि मेजाला पाठ लावून उभे राहिले.

गृहस्थ लालबुंद झाले, दाजी ढिम्म. शेवटी ताई बाहेर आली. तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "पितळ लागलेलं नाही हो अजून. मग तुमचं कसं म्हणायचं?" जणू जगात सगळीकडे असंच चालतं. दाजी कारखान्यात नसले की गिऱ्हाइकांना हेच वाक्य ताई सांगायची, आणि दाजींपेक्षा तिच्या तोंडी ते जास्त पटायचं. तिचा त्या कायद्यावर खरोखर विश्वास होता. नवऱ्याच्या कामातलं आपल्याला काय कळतं, असं ती एरवी म्हणायची, पण हे एक तिने पुरतं मनावर घेतलं होतं.

आता कपाटाचं सांगते.

माझी भाची तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. ताई कुणा गिऱ्हाइकाच्या घरी गेली होती आणि तिथे तिने दाजींच्या हातचं खणांचं कपाट पाहिलं. घरी येऊन म्हणाली, "अहो, लोकांचे हातरुमालसुद्धा तुमच्या खणात झोपतात. आपले कपडे मात्र दोरीवर लोंबतायत." ती हसत म्हणाली, पण दाजींच्या जिव्हारी लागलं. त्यांच्याकडे काळसर, दाट रेघांचं थोडं लाकूड भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. भल्याभल्यांनी मागितलं होतं, त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. ते त्यांनी त्याच दिवशी आडवं केलं.

गिऱ्हाइकांची कामं सांभाळून ते कपाट करायला त्यांना बरेच महिने लागले. वर दोन छोटे खण, खाली तीन रुंद. असं कपाट त्यांनी आधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही, हे मी मेहुणी म्हणून सांगत नाही, पितळवालासुद्धा सांगतो. खण इतके नेमके बसलेले, की फटीत पोस्टकार्ड जाऊ नये. पॉलिश झालं आणि कारखान्यात जागा कमी पडायला लागली. दाजी म्हणाले, "पितळ लागेपर्यंत आतल्या खोलीत राहू दे." दोघांनी मिळून ते उंबरठ्यावरून आत आणलं. ताईने पदर खोचला होता आणि तोंडाने, "अहो, सावकाश, कोपरा, कोपरा," चाललं होतं. तिचा आनंद मला आजही दिसतो.

"आता मुठी तेवढ्या राहिल्या," दाजी म्हणाले. "दोन दिवसांत बघतो."

ते दोन दिवस काही संपले नाहीत.

पहिल्यांदा गोल मुठी आल्या. त्या मेणाने चिकटल्या, आठवडाभर राहिल्या आणि दाजींना ढेरपोट्या वाटायला लागल्या. मग लोंबत्या थेंबासारख्या आणल्या, त्या रडव्या वाटल्या. मग वेलबुट्टी कोरलेल्या आल्या. "फार नटव्या आहेत," दाजी म्हणाले. प्रत्येक वेळी ताई समोर उभी राहून म्हणायची, "छान आहेत की." आणि प्रत्येक वेळी दाजी म्हणायचे, "नुसतं छान असून भागत नाही. हे काय गिऱ्हाइकाचं कपाट आहे?"

माणसाने एवढं प्रेमाने बोलावं आणि त्यातून एवढं वाईट व्हावं, याचा मला अजून संताप येतो. कारण व्हायचं असं, की मुठी खणांवर चिकटलेल्या असायच्या आणि तेवढ्यात कारखान्यात कुणाचं तरी काम पुरं व्हायचं. ते गिऱ्हाईक रोज दारात येऊन डोकं खायचं. दाजी आत यायचे, कपाटासमोर उभे राहायचे, म्हणायचे, "यांना तिकडेच लावतो, तिकडे शोभतील. आपल्याला याहून चांगल्या मिळतील." मेण खरवडून मुठी बाहेर जायच्या. गिऱ्हाइकाला चांगली मूठ चालत होती, म्हणून ती त्याला मिळत होती. ताईला सगळ्यात चांगली द्यायची होती, म्हणून तिला काहीच मिळत नव्हतं. गिऱ्हाईक डोक्यावर बसायचं. ताई कुणाच्या डोक्यावर बसणाऱ्यातली नव्हती.

बरं, मुठीशिवाय ते खण उघडायचे कसे? नखं घालायला फट नाही. दाजींचं कौशल्यच ताईच्या मुळावर आलं. शेवटी तिने माझ्या दुकानातून कापडाच्या पट्ट्या नेल्या, एकीला गाठ मारून ती खणाच्या आत टाकली, शेपूट बाहेर ठेवलं आणि खण लोटला. असं पाचही खणांचं केलं. पट्टी ओढली की खण यायचा. ती त्यात चादरी ठेवायची, उशांचे अभ्रे, टॉवेल, भाचीचे शाळेचे कपडे, दाजींचे सदरे. त्या मखमली लाकडावर निळ्या, पिवळ्या, ठिपक्याठिपक्यांच्या चिंध्या लोंबताना पाहून दाजींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते मान फिरवून खोलीतून जायचे. पण मान फिरवल्याने मूठ लागत नाही.

मी एकदा जेवता जेवता तोंड उघडलंच. "दाजी, मीही बटणं निवडते. एका झग्याला बटण मिळेना म्हणून बाईला उघडी फिरवत नाही मी."

ताईला ठसका लागला. दाजी घास खाली ठेवून म्हणाले, "मेहुणीबाई, तुमचं बटण उसवता येतं. लाकडाला पाडलेलं भोक उसवता येत नाही. एकदा पडलं की ते कपाट असेपर्यंत राहणार."

"राहू दे की. तिला उघडता तर येईल."

"चुकीची मूठ लावून देऊ तिला?"

मी ताईकडे पाहिलं. ती भाजी वाढत होती. "जाऊ दे गं," म्हणाली. "त्यांच्या मनासारखं होऊ दे." तेव्हा मला वाटलं, ही नवऱ्याची बाजू घेते आहे. तिच्या मनात दुसरंच काही चाललं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ते तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा दाजींनी तिच्यासाठीही कपाट केलं. लग्नाची तारीख काही पितळेसाठी थांबणार नव्हती, त्यामुळे मुठी वेळेवर लागल्या. साध्या, लंबगोल, सुरेख मुठी. ताईने त्या स्वतः पुसून लखलखीत केल्या. कपाट गाडीत चढलं तेव्हा ती भाचीला म्हणाली, "हे तुझं हं. खरंखुरं तुझं." आईचं बोलणं म्हणून आम्ही सगळे गहिवरलो, एवढंच. भाचीने जाताना बापाला बजावलं, "बाबा, आता आईच्या कपाटाचं बघा." दाजींनी मान हलवली. आणि बघायला लागले, म्हणजे पुन्हा पितळवाल्याकडे जाऊन बसायला लागले.

पुढे ताईच्या हातांचे सांधे धरले. आधी सकाळीच काय ते दुखायचे, मग दिवसभर दुखायला लागले, मग बोटं एका अंगाला कलायला लागली. बरणीचं झाकण, पिळलेला टॉवेल, कपबशीचा कान, एकेक गोष्ट हातातून निसटायला लागली. डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, बोटांनी काही ओढायचं नाही. ओढायचंच झालं तर अख्खा हात घालून, मनगटाच्या जोरावर.

एका दुपारी मी जेवायला गेले. दाजी माझ्यापुढेच आत शिरले आणि आतल्या खोलीच्या दारात थबकले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ताई कपाटापुढे गुडघ्यांवर बसली होती आणि सगळ्यात खालच्या खणाची पट्टी दातांत धरून ओढत होती.

आमची चाहूल लागली तशी तिने पट्टी सोडली आणि लाजून हसली. "दात अजून शाबूत आहेत," म्हणाली.

दाजी जेवलेच नाहीत. त्यांनी सदरा बदलला आणि ताईला म्हणाले, "चल."

"कुठे?"

"पितळवाल्याकडे."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू नवऱ्याचं काहीतरी बिनसलं आहे. इतकी वर्षं ते दुकान तिच्या घरात रोज बोलण्यात येत होतं, पण तिने ते आतून कधी पाहिलं नव्हतं. तिला कुणी नेलंच नव्हतं. मीही बरोबर गेले. माझं दुकान बंद राहिलं तर राहिलं.

पितळवाला स्टुलावरून उठून उभा राहिला. "या, या वहिनी. तुमच्याच मुठी शोधता शोधता आम्ही दोघं म्हातारे झालो," म्हणाला. दाजींनी पेट्या उतरवायला लावल्या. जन्मभरात जे जे त्यांना आवडलं होतं, ते सगळं त्यांनी ताईपुढे मांडलं. कड्या, थेंब, कमळाच्या कळ्या. ताई एकेक हातात घेई. कडीत तिचं वाकडं झालेलं बोट शिरत नव्हतं. गोल मूठ तिच्या चिमटीतून सुटून फळीवर टणकन पडे, आणि ती घाईघाईने म्हणे, "छान आहे. खरंच छान आहे." दाजी तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या हातांकडे बघत होते. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत कपाटासाठी मूठ निवडताना त्यांनी ते हात कधी डोळ्यांपुढे आणलेच नव्हते. लाकूड डोळ्यांपुढे असायचं, उजेड असायचा, पितळेचा रंग असायचा.

मग ताईच वाकली. अगदी खालच्या रांगेतल्या एका पेटीवर कमानीसारखी वळवलेली एक जाड, साधी मूठ ठोकलेली होती. तिने चारी बोटं तिच्यात सारली. हात अंगठ्याच्या मुळापर्यंत आरामात गेला. तिने ओढलं, आणि सामानाने भरलेली ती जड पेटी सरकन बाहेर आली.

"ही," ताई म्हणाली.

"ही?" दाजी म्हणाले. "अगं, ही हत्यारांच्या पेटीला लावतात. कपाटाला नाही."

"हात जातो हो हिच्यात."

दाजींनी एक मूठ काढून घेतली. तळहातावर तोलली. उलटी केली. पाठ साफ होती, ओतीव होती, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी पितळवाल्याला विचारलं, "कधीपासून ठेवतोस रे ही?"

"माझ्या वडिलांपासून," तो म्हणाला. "मिस्त्री, असं काय करता? तुमच्या स्वतःच्या हत्यारांच्या पेटीला हीच नाही का? मीच बांधून दिली होती. तुमचं लग्नही झालं नव्हतं तेव्हा."

दाजींनी तशा मुठी मोजून पुडीत बांधून घेतल्या. परतताना ते रस्त्याच्या कडेकडेने, आमच्यापासून दोन पावलं मागे चालत होते. ताईने एकदा वळून विचारलं, "पाय दुखतायत का?" त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

घरी आल्याबरोबर त्यांनी गिरमिट घेतलं. मेण नाही, उजेड बघणं नाही, काही नाही. मापाची पट्टी लावली, खुणा केल्या आणि त्या रेघांच्या लाकडात पहिलं भोक पाडलं. मी पट्ट्या एकेक करून काढून घेतल्या. त्यांचे रंग पार उडाले होते. लोखंडी स्क्रू, मग पितळी स्क्रू. दिवस मावळायच्या आत सगळ्या मुठी लागल्या. खरं सांगू? त्या वाईट दिसत नव्हत्या. थोड्या दांडग्या होत्या, एवढंच.

दाजी उठले, गुडघे झटकले आणि गिऱ्हाइकांना म्हणायचे त्या सुरात म्हणाले, "घ्या बाई. झालं तुमचं कपाट." आवाज हलका ठेवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता.

ताई पुढे आली. तिने वरच्या मुठीत हात घातला आणि खण उघडला. मग खालचा उघडला. मग त्यांच्याकडे बघून विचारलं, "आता माझं ना?"

"म्हणजे?"

"नाही, पितळ लागलं, म्हणून विचारलं."

दाजींना काही उमगलं नाही, मलाही नाही. ताईने खणांतलं सगळं बाहेर काढायला घेतलं. चादरी, अभ्रे, टॉवेल, दाजींचे सदरे, सगळं पलंगावर रचलं. मला वाटलं, आता लगेच साफसफाई कशाला काढली हिने? तेवढ्यात ती मला म्हणाली, "पलंगाखालची पत्र्याची पेटी जरा ओढून दे गं. मला नाही ओढता येत."

मी पेटी ओढली. झाकण गंजलं होतं, ते दाजींनी उघडलं. आत ताईचे कपडे होते. लग्नातली शाल होती. भाचीचं पहिलं झबलं होतं. आमच्या आईचा चष्मा, त्याच्या घरासकट. तिचं स्वतःचं म्हणता येईल ते सगळं त्या पेटीत होतं.

"हे इथे काय करतंय?" दाजींनी विचारलं. "कपाटात का नाही ठेवलंस?"

"कपाट कुठे माझं होतं?" ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पितळ लागलं नव्हतं ना. मी आपल्या घरच्या वापरातल्या गोष्टी तेवढ्या ठेवायचे. माझं काही आत ठेवलं नाही."

"अगं, पण मी तुझ्यासाठी केलं होतं ते. तुला माहीत होतं."

"करताना माझ्यासाठी केलंत, ते माहीत होतं. पण मग मुठी यायच्या आणि गिऱ्हाइकाकडे जायच्या. मला वाटायचं, एखाद दिवशी कुणी चांगलं गिऱ्हाईक आलं, की कपाटही जाईल. लाकूडच तसं आहे ते. तुमच्या मनात अजून नक्की होत नाहीये, असं वाटायचं मला. माझं सामान आत ठेवायचं आणि मग तुमच्यासमोर काढायचं, ते नको वाटलं. तुम्हालाही कानकोंडं झालं असतं."

दाजी पलंगावर चादरींच्या ढिगाशेजारी बसले. मला दाजींचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही. त्या माणसाने बायकोला द्यायला जगातली सगळ्यात चांगली वस्तू शोधण्यात आयुष्य घालवलं, आणि ती बिचारी आयुष्यभर समजत राहिली, की आपण अजून त्या वस्तूच्या लायकीचे ठरलेलो नाही.

ताई मात्र खुशीत होती. जमिनीवर बसून तिने पेटीतली एकेक गोष्ट काढली, हाताच्या पाठीने सपाट केली आणि मधल्या रुंद खणात ठेवली. कपडे ठेवले, शाल ठेवली, चष्मा कोपऱ्यात ठेवला. मग तिने पेटीच्या तळाशी हात फिरवून पाहिला. पेटी रिकामी झाली होती. खण निम्मासुद्धा भरला नव्हता.

"एवढंच?" दाजींनी विचारलं.

"बरंच होतं आधी," ताई म्हणाली. "पेटीत मावायचं नाही, म्हणून देत गेले एकेक."

तिने खण लोटला. मग पलंगावरच्या ढिगाकडे पाहिलं, मग दाजींकडे, आणि जरा चाचरतच विचारलं, "अहो, बाकीच्या खणांत घरातल्या चादरी परत ठेवल्या तर चालेल ना?"